‘एवढंच तर आहे!’

*ताई,*

*माझं वय ३१. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत पाच वर्षं वेब डेव्हलपर आहे. आम्ही चौदा जण, त्यात कोड लिहिणारे चार. राहायला कासारवडवलीला, आई-बाबा, बायको आणि मी. फ्लॅटचा हप्ता चालू आहे.*

*गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी सातला सर म्हणाले, रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या बुकिंग फॉर्ममधलं कॅलेंडर बदलायचंय. “एवढंच तर आहे, करून टाक आणि नीघ.” केलं, लाइव्ह टाकलं, घरी आलो. सोमवारी सकाळी लॅबच्या दारात दहा-बारा माणसं उपाशीपोटी उभी आणि यादीत एकाचंही नाव नाही. सगळी नावं रविवारच्या यादीत जाऊन बसली होती. रविवारी लॅब बंद असते. त्यात एक डायबेटिसच्या आजी होत्या, त्यांना चक्कर आली. सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं, “पाच वर्षं झाली, एक तारीख नीट टाकता येत नाही?” मी घाईघाईत जुनं कॅलेंडर परत लावलं. तारीख का चुकली ते मला अजून नीट समजलेलं नाही, आणि विचारायची लाज वाटते.*

*तेव्हापासून झोप नाही. ‘एवढंच तर आहे’ हे शब्द कानावर पडले की डोकं फिरतं. सर तेच म्हणतात, क्लायंट तेच, आतेभावाची वेबसाइट फुकट करून दिली तर तोही तेच. बाबा कळवा कारशेडमधून रिटायर झालेत. ते म्हणतात, दिवसभर एसीत खुर्चीत बसतोस, दमतोस कशाने? दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन शिका, आता तर एआयच कोड लिहितं. बायको म्हणते नोकरी सोड. मला वाटतं लाइनच सोडावी. काय करू? आणि कृपा करून मला अहो-जाहो करू नका.*

---

तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. त्या आजी माझ्याही डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून आधी त्या तारखेबद्दलच बोलते. ती कशी चुकली हे उमगल्याशिवाय तुला झोप लागणार नाही. मी एकोणीस वर्षं हेच काम केलं, आधी महापेला आणि मग ऐरोलीला. त्यामुळे तू लिहिलंस त्यावरून काय घडलं असणार ते मला बऱ्यापैकी दिसतंय.

समज, कुणीतरी कॅलेंडरवर सोमवार, १२ तारीख निवडली. ब्राउझरने ती ‘१२ तारीख, रात्रीचे बारा, भारतीय वेळ’ अशी धरली. सर्व्हरकडे पाठवताना तुझ्या कोडने ती यूटीसीत, म्हणजे जगभर प्रमाण धरलेल्या वेळेत बदलली. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतं, म्हणून आपली १२ तारखेची मध्यरात्र तिथे ११ तारखेचे १८:३० झाली. मग ‘वेळ कशाला हवी, तारीख तेवढी घेऊ’ म्हणून तू पहिली दहा अक्षरं, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, कापून घेतलीस आणि हातात उरली ११ तारीख. रविवार. स्क्रीनवर मात्र शेवटपर्यंत १२ दिसत राहिली, कारण स्क्रीनवर दाखवताना तीच वेळ पुन्हा भारतीय घड्याळात येते. तू शुक्रवारी तपासलं असशील ते स्क्रीनवर. डेटाबेस उघडून पाहिला असतास तर चूक तिथे उघडी पडलेली होती. तो कोड पुन्हा चालवून बघ, अक्षरं कापायच्या आधी ते १८:३० तुला दिसेल. आपल्याकडे ज्याने ज्याने तारखांचं काम केलंय, त्याला हा आकडा दिसला की पुढचं काही सांगावं लागत नाही.

आणि हाच कोड न्यूयॉर्कमध्ये बसून कुणी लिहिला तर बिनबोभाट चालतो. तिथलं घड्याळ यूटीसीच्या मागे असतं, तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच दिवशीची पहाट होते, तारीख हलतच नाही. तिकडच्या कुणी लिहिलेलं उदाहरण आपण उचलतो. तिथे ते बिनचूक असतं, ठाण्यात आणलं की एक दिवस मागे जातं. आपल्याकडे तर वेळेचा घोळ जुनाच आहे. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने तिच्या ३९ मिनिटं मागे चालणारी स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, निघायच्या घाईत कुणाला आठवावं?

पुढच्या वेळी अपॉइंटमेंट, वाढदिवस, सुट्टी यांच्या तारखांना घड्याळ लावूच नकोस. वर्ष, महिना, दिवस असा साधा मजकूर म्हणून घे, तसाच पाठव आणि तसाच ठेव. तारखेचं काही बदललंस की मशीनचा टाइमझोन बदलून एकदा बघ, आणि डेटाबेसमध्ये काय पडलं ते उघडून बघ.

चूक तुझी होती. ती मी झाकणार नाही, आणि तूही झाकू नकोस. पण तुझ्या पत्रात दुसऱ्या एका गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. चार जण कोड लिहिणारे आहात, त्यातल्या एकाने तरी लाइव्ह जायच्या आधी तुझ्या त्या ओळी पाहिल्या होत्या का? शुक्रवारी सातनंतर लाइव्ह टाकायचं आणि शनिवार-रविवार त्याकडे बघणारं कुणी नाही, हे कुणी ठरवलं? जिथे एका माणसाची एक चूक थेट लॅबच्या दारापर्यंत जाते, तिथे मधला दरवाजाच बसवलेला नाही. तो बसवायचं काम तुझ्या एकट्याचं नव्हतं. सरांनी तुला आत बोलावून विचारलं असतं तर बरोबर होतं. सगळ्यांसमोर झापून ती चूक पुन्हा होणार नाही असं काही झालं नाही, फक्त बाकीचे तिघं यापुढे आपापल्या चुका लपवायला शिकले.

म्हणून या आठवड्यात एक पान लिही. काय झालं, केव्हा झालं, का झालं, किती लोकांना त्रास झाला, परत होऊ नये म्हणून काय करायचं. कुणालाही दोष न देता, मराठीत सुचलं तर मराठीत. त्यात दोन मागण्या घाल. कुठलाही बदल दुसऱ्याने पाहिल्याशिवाय लाइव्ह जाणार नाही, आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर काहीही लाइव्ह जाणार नाही. ते पान सरांना मेल कर. ते रागावतील असं तुला वाटेल. माझा अनुभव असा, की झाल्या प्रकाराने मालकही घाबरलेला असतो. त्याला क्लायंटला दाखवायला काहीतरी हवं असतं, आणि असं पान दुसरं कुणीच लिहून देत नाही.

आता त्या तीन शब्दांकडे येते.

महापेला असताना एका शिक्षणसंस्थेची मराठी वेबसाइट माझ्याकडे आली. त्यांच्या माणसाने सीडी हातात दिली आणि म्हणाला, “मॅडम, मजकूर सगळा टाइप केलेला आहे. फक्त टाकायचा. एवढंच तर आहे.” मी फोनवरच हो म्हणून बसले होते. सीडीतल्या वर्डच्या फाइल उघडल्या आणि माझ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता चिखल. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नव्हताच. तो डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता, ज्यात रोमन अक्षरांच्याच घरांत मराठीचे आकार बसवलेले असायचे. त्यांच्या ऑफिसात तो फॉन्ट होता म्हणून तिथे सुरेख मराठी दिसायचं. वेबवर तो चालणार नव्हता.

कन्व्हर्टरमधून काढलं तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. ‘कार्यक्रम’, ‘विद्यार्थी’, ‘वार्षिक’, शाळेच्या वेबसाइटवर दर ओळीला येणारे शब्द आणि दर ओळीला मोडलेले. शंभरावर पानं मी डोळ्यांनी वाचून दुरुस्त केली. अकरा रात्री लागल्या. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, ती आजीजवळ झोपायची. शेवटी साइट उभी राहिली तेव्हा हेडिंगची अक्षरं जरा सुटी-सुटी करा असं फर्मान आलं. मी केली, आणि शिरोरेखा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं लोंबायला लागलं. इंग्रजीत अक्षरांमध्ये जागा सोडली की छान दिसतं. मराठीत शब्द वरच्या रेषेने बांधलेला असतो, तिथे जागा सोडली की तो फाटतो. हे त्यांना समजावता समजावता आणखी एक दिवस गेला.

त्या अकरा रात्री कुठेही लिहिल्या गेल्या नाहीत. ना बिलात, ना माझ्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये. त्या माणसाच्या लेखी मी सीडीवरचा मजकूर ‘टाकला’. तो खोटं बोलत नव्हता रे, त्याला खरंच दिसत नव्हतं. आणि त्याला दिसावं म्हणून मी काही केलंही नव्हतं. मी फोनवर हो म्हटलं, रात्री जागले आणि मनातल्या मनात चिडत राहिले. तू आज जे करतोयस, तेच.

तुला मनापासून एकच सांगायचंय: फोनवर हो म्हणायचं बंद कर. नाहीही म्हणू नकोस. “बघून अर्ध्या तासात सांगतो,” एवढंच म्हण. मग खरंच बघ आणि लेखी पाठव. त्या शुक्रवारी तू सरांना असं काहीतरी लिहायला हवं होतंस:

“कॅलेंडर बदलता येईल. त्याचा संबंध बुकिंग, एसएमएस आणि लॅबच्या रोजच्या यादीशी येतो. करायला तीन तास, तपासायला दोन. सोमवारी सकाळी सुरू केलं तर मंगळवारी दुपारी लाइव्ह. तोवर पेमेंटच्या पानाचं काम थांबेल. चालेल का?”

मेसेज एवढाच, व्हॉट्सअॅपवर पाठवलास तरी चालेल. यात कुठे तक्रार नाही, रडगाणं नाही, पण काम दिसायला लागतं. शेवटचं वाक्य सोडू नकोस, पेमेंटच्या पानाचं काम थांबेल हे वाचलं की काय आधी हवं ते त्यांना ठरवावं लागतं. दहातल्या चार वेळा सर म्हणतील, राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू. ते चार तुझे वाचले. उरलेल्या सहांत निदान पाच तास पाच तास म्हणून मोजले जातील.

बरोबर एक साधी वही ठेव. रोज निघताना तीन ओळी, काय मागितलं, किती वेळ लागेल असं वाटलं होतं, किती लागला. महिनाभरात तुलाच कळेल की तू ‘अर्धा तास’ म्हणतोस तेव्हा दोन तास लागतात. आपल्या लाइनीत हा रोग सगळ्यांना असतो, मलाही होता. पगारवाढीच्या वेळी ही वही घेऊन बसायचं.

आता बाबा. ‘दमतोस कशाने’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. कळवा कारशेडमध्ये त्यांनी आयुष्य काढलं ते लोकल धडपणे चालाव्यात म्हणून. सकाळी ठाण्याहून लोकल पकडणाऱ्या लाखो माणसांपैकी कारशेड कुणाच्या मनात येतं? दिवे लागले, ब्रेक लागला, पंखा फिरला, तर कुणी म्हणत नाही की कळव्याला रात्री कुणीतरी राबलं. गाडी बंद पडली की मात्र सगळ्यांना रेल्वे आठवते. तुझं काम याहून वेगळं आहे का? आपल्याला बाबांना समजावून सांगायचंय असं तू धरून चालला आहेस. मला वाटतं, आधी तू त्यांना विचार. रविवारी चहा पिताना विचार, “बाबा, तपासलेली नसताना गाडी बाहेर काढा असं कुणी वरून सांगितलं तर तुम्ही काय करायचात?” आणि मग गप्प बसून ऐक. त्यांच्याकडे उत्तर असणार, आणि ते तुझ्या सरांना द्यायच्या उत्तराच्या फार जवळचं असणार. मग त्यांना त्या आजींचं सांग, १८:३० चं सांग. कागदावर दोन घड्याळं काढून दाखवलीस तर त्यांना पाच मिनिटांत कळेल. आयुष्यभर वेळापत्रकात राहिलेला माणूस आहे.

‘दमतोस कशाने’ हे ते टोचून बोलतात असं तुला वाटतं. असेलही. पण मुलगा रात्री दोनला छताकडे बघत पडलेला दिसतो आणि काय विचारावं ते सुचत नाही, तेव्हाही बाप असंच काहीतरी विचारतो.

आतेभावाचं थोडक्यात. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे बघ. तुझ्या नावावर आणि तुझ्या कार्डावर असेल तर आजच त्याच्या नावावर कर. दर वर्षीचं होस्टिंग त्याने भरायचं. बदल महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, सगळे एकदम. नात्याला तडा जाईल अशी भीती वाटते, पण तो रात्री साडेदहाला ‘जरा फोटो बदल ना’ म्हणून मेसेज करतो आणि तू चिडून लोळत पडतोस, त्याने नातं जास्त खराब होतंय.

नवीन शिकण्याची धास्ती मी समजू शकते, पण तिला एवढी किंमत देऊ नकोस. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत १९९०-९१ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या वेबच्या पहिल्या पानाची जुनी प्रत आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केली, आणि त्या घाईत जावामधून उचललेली तारखांची पद्धत अजून तशीच आहे; महिने शून्यापासून मोजायचे, जानेवारी म्हणजे शून्य. वरची फ्रेमवर्कं, म्हणजे कोडचे तयार सांगाडे, येतात आणि जातात, खालचं हे सगळं तिथेच असतं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात, एवढं ज्याचं पक्कं आहे त्याला नवीन फ्रेमवर्क काही आठवड्यांत येतं. तू दर सहा महिन्यांनी वरचं बदलत बसलास आणि खालचं राहून गेलं, असं झालं असेल तर रोज अर्धा तास त्याला दे. घरी नव्हे, ऑफिसच्या वेळेत.

एआयचंही मी तसंच बघते. ही साधनं वापर, मीही वापरते, टाइप करायचा वेळ वाचतो. पण त्यांना ‘कॅलेंडर बदलून दे’ एवढंच सांगितलंस तर तीच दहा अक्षरं कापणारी ओळ तीही लिहून देऊ शकतात, कारण ती ओळ हजार ठिकाणी पडलेली आहे. सोमवारी सकाळी लॅबमध्ये कोण येणार, ती माणसं रात्रीपासून उपाशी असणार, रविवारी लॅब बंद असते, हे त्यांना सांगणारा कुणीतरी लागतो. आता तुला ते माहीत आहे. फार महागात कळलं, पण कळलं.

राहिला नोकरीचा प्रश्न. लाइन सोडू नकोस, निदान आत्ता तरी. एका माणसाने सगळ्यांसमोर अपमान केला म्हणून पाच वर्षांचं शिकलेलं टाकून द्यायचं नाही. नोकरी मात्र सोडावी लागेल कदाचित. मी तीन महिने धरते. ते पान पाठव, लेखी वेळ द्यायला लाग, आणि सर काय करतात ते बघ. शुक्रवारची गोष्ट त्यांनी मान्य केली, कुणीतरी तुझा कोड बघायला लागलं, तर ती जागा सुधारण्यासारखी आहे, थांब. पान वाचून त्यांनी बाजूला टाकलं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा सातला ‘एवढंच तर आहे’ आलं, तर त्याच रात्री सीव्ही काढ. ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, हप्ता आहे. नोटीस पिरियड किती ते अपॉइंटमेंट लेटर काढून आत्ताच वाचून ठेव.

इंटरव्ह्यूला गेलास की पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचार. लाइव्ह जायच्या आधी कोड कोण बघतं? काही बिघडलं तर मागचं परत आणायला किती वेळ लागतो? शेवटचं मोठं काही बिघडलं तेव्हा पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा कुणाचं तरी नाव घेऊन हसला, तर ती जागा तुझ्या आत्ताच्या जागेसारखीच आहे. ऐरोली, महापे, रबाळे, अर्ज सगळीकडे कर. कासारवडवलीहून रोज तिथे जाणं सोपं नाही, घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुला मी सांगायला नको. म्हणून घरून काम किती दिवस, हेही लेखी घे.

तुझ्या बायकोने एकच वाक्य लिहायला सांगितलेलं दिसतंय, ‘नोकरी सोड’. ती नोकरीबद्दल बोलतेय की तू जेवताना फोन उलटा ठेवून सारखा त्याच्याकडे बघतोस त्याबद्दल, हे तिला विचार. फोन आठनंतर दुसऱ्या खोलीत ठेव. दोघं मिळून एखाद्या संध्याकाळी तलावपाळीला जा, एक चक्कर मारा. त्या दिवशी ऑफिसबद्दल बोलायचं नाही असं ठरवू नका, उलट तिला सगळं सांग. आजींना चक्कर आली हे तू तिला सांगितलंयस का? पत्र वाचून मला वाटलं, नसेल सांगितलं.

आणि एक काम राहिलं. लॅबमध्ये जाऊन त्या आजी आता कशा आहेत ते विचारून ये. त्यांचं नाव-पत्ता मागू नकोस, तो तुला द्यायचा नसतोच. काउंटरवरच्या माणसाला एवढंच सांग की तो फॉर्म मी केला होता, चूक झाली होती, आता ती का झाली ते कळलंय. पाय जड होतील. तरी जा.

पान लिहून झालं की मला पाठव. नावं खोडून पाठव, मी वाचून उत्तर देते.